वेबसाइटचा सातबारा कोणाच्या नावावर?

पत्राचा गोषवारा: दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. तेव्हापासून घराला लागून असलेल्या चार खोल्या आणि घरगुती आमसुलं, आगळ, आंबापोळी यांवर संसार चालतो. वादळाच्या आदल्या वर्षी एकाने त्यांना सहा हजारांत वेबसाइट करून दिली होती. ती अजून दिसते, पण तिच्यावर खोलीचा दर ९०० रुपये आहे आणि फोन नंबर बंद पडलेला. करून देणारा फोन उचलत नाही. यंदा मे महिन्यात एक कुटुंब त्या दराचा स्क्रीनशॉट घेऊन थेट दारात आलं, शब्दाला शब्द लागला आणि १,८०० रुपयांची खोली ताईंनी दोन रात्री ९०० रुपयांनी दिली. आता नवी वेबसाइट करायची आहे. पुण्याच्या एका कंपनीने ९० हजार आणि पुढे दरवर्षी १८ हजार सांगितले आहेत. दापोलीतला, ताईंच्या माहेरच्या ओळखीतला एक मुलगा १५ हजारांत करतो म्हणतो. मुलगी म्हणते, कंपनीलाच दे. यजमान म्हणतात, व्हॉट्सॲपवर सगळं होतंय, पुन्हा फसायचे धंदे कशाला? ताई लिहितात, “मला यातलं काहीच कळत नाही. कोणाला काम देऊ, एवढंच सांगा.”

ताई,

कोणाला काम द्यायचं ते सांगतेच, पण आधी मे महिन्यातल्या त्या प्रसंगाबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री तुम्हाला जेवण गेलं नाही, पाहुण्यांसमोर खोटं पडल्यासारखं वाटलं. ताई, खोटं तुम्ही बोलला नव्हता. ते कुटुंबही लबाड नव्हतं. तुमच्या नावाने जो दर लिहिलेला होता तो त्यांनी वाचला आणि विश्वासाने सहा-सात तासांचा प्रवास करून आले. तुमच्याच नावाने लिहिलेला मजकूर तुम्हाला बदलता येत नव्हता, दुखणं ते आहे. आणि ते नीट ओळखलं नाही तर ९० हजार घालूनही तेच पुन्हा होऊ शकतं.

तुमच्या पत्राचा सूर असा आहे की गेल्या वेळी स्वस्तातला माणूस घेतला म्हणून फसलो, तर आता महागातला घेतला की फसणार नाही. मला हे पटत नाही. गेल्या वेळी वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, करून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर घेतलं. जिथे ती ठेवली आहे त्या होस्टिंगचं खातंही त्याचं. पासवर्ड त्याच्याकडे. तुमच्याकडे पैसे दिल्याची पावतीसुद्धा नाही. हेच सगळं पुण्याच्या कंपनीच्या नावावर राहिलं तर उद्या कंपनीशी बिनसल्यावर तुम्ही पुन्हा तिथेच. जमीन घेताना सातबारा कोणाच्या नावावर आहे हे बघितल्याशिवाय आपल्याकडे कोणी इसारही देत नाही. मग वेबसाइटच्या बाबतीत घर बांधणाऱ्याच्या नावावर जमीन का ठेवायची?

म्हणून कोणालाही काम देण्याआधी एक काम स्वतः करा. डोमेन स्वतः विकत घ्या. तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल नंबर, पैसे तुमच्या खात्यातून. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतं. मुलगी सुट्टीला येईल तेव्हा तिच्या शेजारी बसून करा, अर्ध्या तासाचं काम आहे. पण ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे, तिच्या नाही. मुलींचे नंबर बदलतात, नोकऱ्या बदलतात. होस्टिंगचंही तसंच: खातं तुमचं, आणि काम करणाऱ्याला आत शिरायची परवानगी तुम्ही द्यायची. नाव घेताना ते फोनवर सांगून समोरच्याला टाइप करता येतं का, ते बघा. आपल्या गावांची नावं इंग्रजीत चार प्रकारांनी लिहितात, तेव्हा स्पेलिंगचा घोळ होणार नाही असं आखूड नाव बरं. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ नावही २०१४पासून मिळतं. हौस असेल तर जोडीला घ्या, पण मुख्य नाव तेच ठेवू नका. अजून बऱ्याच जणांना पत्त्याच्या जागी मराठीत टाइप करायची सवय नाही.

आता “मला यातलं काहीच कळत नाही” या वाक्याकडे येते. गेल्या वर्षी गुहागरकडे मी एका घरी उतरले होते. संध्याकाळी पडवीत बसले असताना त्या घरच्या काकू सुपात आमसुलं निवडत होत्या आणि कानाला फोन. एका तासात पाच फोन आले. पाचही जणांनी तेच विचारलं: गाडी दारापर्यंत येते का, संडास खोलीला लागून आहे ना, समुद्र चालत किती लांब, शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत होतं का. काकू न कंटाळता सांगत होत्या. मग त्यांनी कौतुकाने मला त्यांची वेबसाइट दाखवली. फोन पडवीच्या कठड्यावर ठेवला, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. पांढरा पडदा, त्यावर गोल फिरणारं चक्र. मी सुपातली दोन-तीन मुठी आमसुलं त्यांच्यासोबत निवडून होईपर्यंत ते चक्र फिरत होतं. मग एकामागून एक सरकणारी मोठी छायाचित्रं आली: सूर्यास्त, नारळ, पुन्हा सूर्यास्त. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की निसर्गाच्या कुशीत आपलं स्वागत आहे. गाडी दारापर्यंत येते का, हे कुठेच नव्हतं.

ताई, वेबसाइट म्हणजे त्या पाच फोनांची उत्तरं. ती ज्याला ठाऊक आहेत त्याला यातलं सगळ्यात महत्त्वाचं कळतं. पुण्याच्या कंपनीला ते कळत नाही, दापोलीच्या मुलालाही नाही. एक वही घ्या, शंभर पानी चालेल, फोनशेजारी ठेवा आणि पंधरा दिवस जो जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून काढा. “बाथरूम अटॅच आहे का” असं विचारलं तर “अटॅच”च लिहा, कारण लोक गूगलवर शोधतातही त्याच शब्दांत. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. आजीला जिना चढावा लागेल का. कुत्रा आणला तर चालेल का. कासवाची पिल्लं कधी दिसतात? तुमच्या भागात हा प्रश्न येणारच, आणि “साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पण घरटी किती आणि पिल्लं कधी बाहेर पडतील ते निसर्गावर आहे, आदल्या दिवशी फोन करून विचारा” हे सरळ उत्तर लिहिलंत तर रिकाम्या किनाऱ्यावरून हिरमुसून परतणारे पाहुणे वाचतील. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजी सुरमई मिळणार नाही, पण कुळथाचं पिठलं आणि फणसाची भाजी मिळेल, हेही लिहा. जे नाही ते आधीच सांगितलं की जे आहे त्यावर माणसाचा विश्वास बसतो.

वही भरली की त्याच प्रश्नांची उत्तरं तुम्ही बोलता तशी लिहून काढा. इंग्रजी हवं असेल तर मुलगी करून देईल, पण मूळ मराठीच असू दे. मुंबई-पुणे-कोल्हापूरकडून येणारा पाहुणा मराठी वाचतो. करणाऱ्याला एकच ताकीद द्या की मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर टाइप करतो तशा अक्षरांत पाहिजे, चित्र करून चिकटवलेला नको. जेवणाचा तक्ता सुंदर रंगवून चित्र म्हणून लावतात, मग त्यातलं ‘उकडीचे मोदक’ गूगलला धड वाचता येत नाही, फोनवर अक्षरं मोठी करता येत नाहीत आणि दर बदलला की अख्खं चित्र पुन्हा करावं लागतं.

इथे तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पुन्हा वाचावंसं वाटलं. तुम्ही ते जरा त्रासून लिहिलंय, पण त्यांचं निम्मं बरोबर आहे. चार खोल्यांचं बुकिंग व्हॉट्सॲपवर उत्तम चालतं आणि पुढेही तसंच चालू दे. नवी वेबसाइट आली म्हणजे आपोआप पाहुणे येतील, अशी आशा कोणी लावत असेल तर ती धरू नका. तुमच्या भागात अनोळखी पाहुणा बहुधा आधी गूगल मॅपवर घर शोधतो, तिथली छायाचित्रं आणि अभिप्राय बघतो आणि मग फोन करतो. म्हणजे मॅपवरची तुमची नोंद, गूगल बिझनेस प्रोफाइल, ही वेबसाइटच्याही आधीची पायरी. ती फुकट असते. तिच्यावर जुना नंबर आणि जुन्या वेबसाइटची लिंक असेल तर आजच बदला. ती नोंदही दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर मालकी मागण्याची सोय गूगलने तिथेच दिली आहे.

मग वेबसाइट मुळात हवीच कशाला? कारण मॅप, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही सगळी दुसऱ्याची जागा आहे. गूगल त्याच बिझनेस प्रोफाइलवरून छोट्या व्यावसायिकांना फुकट वेबसाइट करून देत असे. मार्च २०२४मध्ये त्यांनी ती सोय बंद केली आणि त्या सगळ्या साइट गेल्या. ज्यांच्याकडे स्वतःचं नाव नव्हतं त्यांनी छापलेली कार्डं आणि रंगवलेल्या पाट्या वाया गेल्या. तुमच्या मालकीच्या नावाखाली चार पानांची साधी साइट असली, तर खालचं काहीही बदललं तरी कार्डावरचा पत्ता तोच राहतो. यजमानांना हे असं सांगून बघा. त्यांची भीती वेबसाइटची नाही, फसण्याची आहे, आणि ती भीती रास्त आहे.

आता पैशाचं. खोली १,८०० रुपयांनी जाते, म्हणजे ९० हजार झाले ५० रात्री. कंपनीच्या पत्रकात खाली बारीक अक्षरांत “जीएसटी वेगळा” असं आहे का ते बघा. १८ टक्क्यांनी ते १,०६,२०० होतात, आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर तुम्हाला परत मिळत नाही. पुढे दरवर्षीच्या १८ हजारांसाठी आणखी दहा रात्री. यात एसएसएलचे वेगळे चार हजार लावलेत असं तुम्ही लिहिलंय. एसएसएल म्हणजे पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह येतं ते. ते हवंच, कारण जुलै २०१८पासून क्रोम त्याच्याशिवायच्या साइटवर ‘नॉट सिक्युअर’ असं दाखवू लागला. पण तुमच्यासारख्या साइटला पुरेसं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं आणि बरेच होस्टिंगवाले ते आपणहून बसवतात. ऑनलाइन पेमेंट गेटवे, बुकिंगचं कॅलेंडर, आपोआप उत्तर देणारा चॅट यांतलं मला तुमच्यासाठी काही गरजेचं वाटत नाही. आगाऊ रकमेला यूपीआय पुरतं. आणि कॅलेंडर रोजच्या रोज कोणी भरलं नाही तर एकच खोली दोघांना जायची भीती, मग भर मे महिन्यात रात्री आठ वाजता दुसऱ्या कुटुंबाला कुठे पाठवणार?

कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. वीस खोल्या असत्या किंवा देशभर आंब्याच्या पेट्या पाठवायच्या असत्या, तर ऑर्डर, साठा, कुरिअर हे सगळं सांभाळणारी पक्की व्यवस्था लागली असती आणि मी कंपनीच्याच बाजूने बोलले असते. तुमच्या आमसुलं-आगळांसाठी एक पान, त्यावर किंमत आणि व्हॉट्सॲपचं बटण पुरे. फक्त खाण्याचा पदार्थ विकताना एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर असतो तसा त्या पानावरही टाका.

तेव्हा माझं मत दापोलीच्या मुलाकडे झुकतं. तो चार महिन्यांनी नोकरीला मुंबईला गेला तर, ही मुलीची शंका खरी आहे. कोकणातली मुलं जातात, तोही जाईल कदाचित. म्हणूनच सगळी खाती तुमच्या नावावर. आणि साइट वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर करायला सांगा. ते मोफत आहे, सर्रास वापरात आहे आणि ते येणारा दुसरा माणूस चिपळूणलाही सापडेल, रत्नागिरीलाही. मात्र होकार देण्याआधी त्याने केलेल्या दोन-तीन वर्षं जुन्या वेबसाइट मागा. कालपरवा केलेली कोणाचीही चकचकीत दिसते. त्या मालकांना फोन करा आणि एवढंच विचारा: “दर बदलायला सांगितला तर किती दिवसांत बदलतो?” उत्तर ऐकून तुम्हाला माणूस कळेल. मग त्या साइट त्याच्या लॅपटॉपवर न बघता तुमच्या फोनवर, वायफाय बंद करून, घरातल्या सगळ्यात कमी रेंजच्या कोपऱ्यात उघडा. फोनने काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसेच दहा चढवले की गुहागरच्या काकूंसारखं चक्र फिरत बसतं. २०० केबीच्या आत बसवलेला फोटोही फोनवर छान दिसतो. ज्याला हे न सांगता ठाऊक आहे, तो मुलगा कामाचा.

पुढची गोष्ट तुम्हाला जड जाईल. तो माहेरच्या ओळखीतला, तेव्हा कागद कसा करायचा, पैशाचं कसं बोलायचं, हे तुमच्या पत्रात दोनदा आलंय. ताई, भीड भिकेची बहीण. ओळख टिकवायची असेल तर कागद करा. एक पान पुरे: किती पानं, कोणत्या तारखेला, मजकूर कोण देणार, छायाचित्रं कोण काढणार, किती वेळा बदल करून मिळतील, पहिल्या वर्षी दुरुस्तीचे पैसे पडतील की नाही, बॅकअप कोण घेणार. पैसे तीन टप्प्यांत द्या, सुरुवातीला पाच हजार, साइट तुमच्या फोनवर दिसली की पाच आणि शेवटचे पाच सगळे पासवर्ड तुमच्या हातात आल्यावर, तुम्ही स्वतः एकदा दर बदलून बघितल्यावर. हा शेवटचा टप्पा सोडू नका. त्याला शेजारी बसवा आणि १,८००चे १,९०० करून परत १,८०० करा, तुमच्या हाताने. पायऱ्या वहीत लिहून ठेवा.

त्याच पानावर आणखी एक ओळ हवी, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतलेल्या कामाचा कॉपीराइट आपोआप आपला होतोच असं नाही. तो लेखी लिहून घ्यावा लागतो, आणि किती काळासाठी ते लिहिलं नाही तर कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. म्हणून “या वेबसाइटच्या रचनेचे आणि मजकुराचे सर्व हक्क कायमस्वरूपी अमुक यांना दिले आहेत” असं स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या करा.

जुन्या वेबसाइटचं राहिलं. ती अजून दिसते, म्हणजे कोणीतरी दरवर्षी तिचे पैसे भरतंय. करून देणारा हवेत विरलेला नाही. इंटरनेटवर ‘हू-इज’ नावाची मोफत शोधाची सोय आहे. तिथे ते नाव टाकलं की ते कोणत्या कंपनीमार्फत घेतलंय आणि मुदत कधी संपते ते कळतं. त्या करून देणाऱ्याला ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर सौम्य भाषेत लिहा: नाव माझ्या खात्यावर करायला ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा संकेतशब्द दे, नाहीतर निदान साइट बंद कर, त्यासाठी काही खर्च आला तर मी देते. राग ओतू नका, आत्ता काम होणं महत्त्वाचं. उत्तर नाहीच आलं तर ज्या कंपनीमार्फत नाव घेतलंय तिच्या तक्रारीच्या पत्त्यावर सगळं लिहून कळवा. नाव परत मिळेल म्हणून मात्र थांबून राहू नका. ‘डॉट कॉम’ नाव मुदत संपल्यावरही लगेच मोकळं होत नाही. जुन्या मालकाला नूतनीकरणासाठी आधी काही दिवस आणि मग सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात. नवं नाव घ्या, कार्डं नवी छापा, आणि नव्या साइटवर पहिल्याच पानावर लिहा की जुन्या पत्त्यावरचे दर २०१९चे आहेत, ते लागू नाहीत. पुढचा स्क्रीनशॉट दारात आला तर तुम्हाला दाखवायला हे पान असेल.

आणि गाडी दारापर्यंत कशी येते, ते तुम्ही लिहू नका. तुमच्या पत्रात सहज आलंय की पाहुण्यांना घ्यायला यजमान फाट्यापर्यंत जातात आणि आधी त्यांना व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून रस्ता सांगतात: देवळापाशी डावीकडे, मग उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, समोरून एसटी आली तर विहिरीपाशी थांबा. तो आवाज त्यांच्याकडून मागून घ्या आणि जसाच्या तसा उतरवून दापोलीच्या मुलाला द्या. तुमच्या वेबसाइटचं पहिलं पान तेच.